सायलेन्सरचा चटका

माझ्या उजव्या पोटरीवर जांभळाच्या बीएवढा काळपट डाग आहे. बायकोला, मुलांना, लातूरच्या माझ्या दवाखान्यातल्या सगळ्यांना मी आजवर सांगत आलोय, की तो मोटरसायकलच्या सायलेन्सरचा चटका आहे. तो सायलेन्सरचा नाही. तो गंगूआत्यानं, माझ्या वडिलांच्या चुलतबहिणीनं, पेटत्या हळकुंडानं दिलेला डाग आहे. गेल्या महिन्यात आत्या गेली. सकाळचा चहा पिऊन केळीच्या बागेकडं तोंड करून बसली, ती तशीच... तिच्या लेकानं फोनवर एवढंच सांगितलं. फोन ठेवला आणि हात आपोआप पोटरीकडं गेला.

तिनं डाग दिला तेव्हा मी नवा डॉक्टर होतो, अर्धापूरजवळच्या तिच्याच गावातल्या सरकारी दवाखान्यात. कंबरेतून पायात उतरणारी कळ महिनाभर हटेना. माझ्याच गोळ्या मला लागू पडेनात. एका दुपारी गपचूप जाऊन आत्याच्या चुलीपाशी पाय पुढं केला. हळकुंडाचं टोक निखाऱ्यात लाल होईस्तोवर ती बोलत राहिली. डाग कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचे तिचे कायदे होते. "लेकराला मी हात लावत न्हाई, बाळू," ती म्हणाली. "कुठं दुखतंय ते त्याला सांगता येत न्हाई, अन् बास बी म्हणता येत न्हाई." चटका बसल्यावर मी केवढ्यानं ओरडलो, ते तिनं पुढं किती वेळा ऐकवलं त्याला हिशेब नाही. कळ आठवड्याभरात गेली. बहुधा ती आपली आपणच जाणार होती. पण मी तिच्याकडं गेलो होतो, हे खरं.

पंधरा दिवसांनी शाळेत आरोग्य शिबिर भरलं. त्यात एक तान्हं बाळ आलं, पोटावर डागलेलं. कुणी डागलं, ते आई भीतीनं सांगेना. मी चिडून माइकवरूनच बोललो, डाग देणाऱ्यांना गावात थारा देऊ नका. सगळ्या माना आत्याकडं वळल्या. "मी लेकरं डागत न्हाई," ती उभी राहून म्हणाली. ते खरं होतं आणि मला ठाऊक होतं. पण कसं ठाऊक, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पँटीकडं बोट दाखवलं. पोटरीपाशी जखमेची ओल फुटून आली होती.

"डॉक्टरसाहेब, पायाला काय झालं?"

"सायलेन्सर," मी म्हणालो.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. एका शब्दात ती मला उघडं पाडू शकत होती. "व्हय," ती म्हणाली, "सायलेन्सर लई तापतंय, सायेब." आणि खाली बसली.

डाग द्यायचं तिनं त्याच दिवशी सोडलं, ते बरंच झालं. पण गावातल्या बायका तिला बारशाला बोलवेनाशा झाल्या. माझी बदली झाली, पुढं लातूरला दवाखाना थाटला. रेणापूरच्या लेकीकडं आली की आत्या केळी घेऊन माझ्याकडं यायची आणि चारचौघांत विचारायची, "सायलेन्सर कसंय, बाळू?" मी हसायचो, तीही हसायची. आमचं सगळं बोलणं त्या एका शब्दात उरकायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेवरचा मस मी विजेच्या डागणीनं काढला. धूर नाकात गेल्यावर ती पडल्या पडल्याच म्हणाली, "म्हंजे तू बी डागच देऊन राहिलास की." मग मान चाचपून, "पर आधी बधिर करतोस, हे बेस. मला ही सुई गावली असती तर तू एवढा बोंबलला नसतास." नर्स हसत होती. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. तेव्हा बोलायला हवं होतं... मी मलम लावलं.

ती गेली तेव्हा समाधानी होती, असं तिचा लेक सांगतो. ते खोटं नसावं. डागणीच्या मशीनचं बटण दाबलं की अजून तिचं ते बोलणं ऐकू येतं आणि मास्कच्या आत मला हसू फुटतं. पण त्या शाळेच्या पटांगणात उभं राहून, पँट वर करून, आत्यानं लेकरांना कधी डागलं नाही आणि हे मला तेव्हाही माहीत होतं, एवढं मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.