ते तर जुन्या नावाचं

ते पत्र वाचून मी आधी हसले. कॅनडाच्या सरकारी कचेरीतून माझ्या ईमेलवर दोन पानी पत्र आलं होतं, आणि वर नाव भलत्याच बाईचं. मी भावजयीला म्हटलं, "बघ गं, जगाला नावं ठेवतात आणि यांचा स्वतःचा कारभार हा असा. दुसऱ्याच कुणाचं पत्र आपल्याला धाडलंय."

तिनं पत्र पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आक्का, ते माझंच नाव हाय. माहेरचं."

तीन वर्षं झाली, ही माझ्या सख्ख्या भावाची बायको, आणि तिचं नाव मला ओळखू येईना.

आता नीट सांगते. आमचं घर उमरीचं. धाकटा भाऊ आयटीआय करून वेल्डर झाला, कॅनडाला गेला, तिथं कायम राहायची परवानगी मिळवली. लग्नासाठी म्हणून आला आणि दीड महिन्यात परत गेला. भावजय धर्माबादची, नर्सिंग शिकलेली. लग्नात आमच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ते मीच सुचवलं होतं, भावाच्या नावाला शोभेल असं, आणि सगळ्यांनी वाहवा केली. जुनं नाव मांडवातच राहिलं. आमच्याकडं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुढं आधार, पासपोर्ट, सगळं नव्या नावाचं करून घेतलं. मग लेक झाली. बापानं तिला फोनवरच पाहिलेलं, मांडीवर अजून घेतलेलं नाही.

म्हणून त्यानं दोघींना तिकडं बोलवायचं ठरवलं. घरात इंग्रजीची मास्तरीण मी, लातूरला शाळेत. अर्ज मीच भरणार, त्यात विचारायचं काय? भावजय पोरीला घेऊन माझ्याकडं राहायला आली आणि आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो.

अर्जात एक प्रश्न होता, तुम्हाला आणखी कोणत्या नावानं ओळखत होते का. शेजारी शब्द होता 'एलियस'. वर्गात मी तो 'उर्फ' म्हणून शिकवते, आणि उर्फ लागतं ते पेपरातल्या चोरांना. आमच्या घरची सून काय चोर आहे? मी ठोकून दिलं, नाही. पुढचा प्रश्न, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का. इथं ती चुळबुळली.

"आक्का, लग्नाच्या आधी मी एकदा अर्ज केलता. तिकडं शिकायला जायचा. ते न्हाई म्हणले."

"कुठल्या नावानं केला होतास?"

"माहेरच्याच की."

"मग झालं तर. ते जुन्या नावाचं. त्याचा आता काय संबंध?"

तिथंही मी 'नाही'वर खूण केली. ती पोरीला थोपटायला लागली. मला वाटलं, पटलं हिला. बाई नवी, नाव नवं, पासपोर्ट नवा, जुनं उकरायचंच कशाला, असा माझा सरळ हिशोब. उंटावरची शहाणी मी.

अर्ज गेला. मग हैदराबादला जाऊन तिनं बोटांचे ठसे दिले. नाव बदललं तरी बोटं कशी बदलणार? पहिल्या अर्जाच्या वेळचे ठसे त्यांच्याकडं होतेच. म्हणूनच ते पत्र जुन्या नावानं आलं होतं. तुम्ही नाव लपवलंत, नकार लपवलात, खुलासा करा, असं त्यात होतं. खुलासा पटला नाही तर खोटी माहिती दिली असं धरू, आणि मग पाच वर्षं तुम्हाला आमच्या देशात येता येणार नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. खोटारडेपणाचा शिक्का, आणि तोही कुणावर, तर जिनं मला सगळं खरं सांगितलं होतं तिच्यावर.

मी चार पानी खुलासा लिहिला. तांदळाचं ताट, अंगठी, आमची रीत, सगळं इंग्रजीत समजावलं. चूक माझी आहे, तिची नाही, असं लिहून खाली माझी सही केली. माणसंच आहेत, समजून घेतील असं वाटलं होतं. डोंबल. महिन्यानं उत्तर आलं. तुमची रीत कळली, पण मागचा नकार अर्जदार बाईला माहीत होता, आणि अर्जावर सही तिची आहे. अर्ज नामंजूर, पाच वर्षं बंदी. त्यांच्या कायद्यात नणंदेला जागाच नव्हती.

भावाला मीच फोन करून सांगितलं. त्यानं मोठ्यानं पोरीच्या वयात पाच वर्षं मिळवली. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी शाळेत जायला लागंल तोवर." आणि फोन ठेवला. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भावजय स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "अगं, माझ्या शहाणपणानं तुझ्या संसाराचं वाटोळं झालं. बोल मला काय बोलायचं ते."

ती मान खाली घालून निवडतच राहिली. मग म्हणाली, "आक्का, रागावू नका. अर्ज धाडायच्या आधी तो दोन दिवस लॅपटॉपवरच होता. तुम्ही शाळेत गेल्यावर मी उघडला. त्या व्हिसाच्या प्रश्नाला 'हो' करून बी बघितलं."

"मग?"

"मग परत 'नाही' केलं. तुम्ही भरलेलं होतं. तुम्हाला खोटं पाडल्यावानी झालं असतं."