पडेल हवालदारीण

तिला सगळे 'पडेल' म्हणायचे. हे नाव स्टंटमास्तरांमुळे पडलं. ती कामाला आली त्या पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "ही नवी बाई गच्चीवरून पडेल का?" मास्तर विडी विझवत म्हणाले, "पडेल की." तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. हरलेल्या उमेदवाराला लोक ज्या शब्दाने हिणवतात, त्या शब्दाला ही बाई खुशाल ओ द्यायची.

नायिकांच्या ऐवजी पडणं हे तिचं काम. जिन्यावरून, घोड्यावरून, चालत्या जीपमधून. नायिकेचे कपडे, नायिकेसारखा केसांचा टोप, आणि तोंड मात्र कॅमेऱ्याकडे फिरवायचं नाही अशी सक्त ताकीद. उमेदीची सगळी वर्षं तिने पाठमोरी काढली. लग्न केलं नाही. स्थळं आली तेव्हा कुठलं ना कुठलं हाड प्लास्टरमध्ये असायचं, आणि पुढे पुढे स्थळंच यायची थांबली. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही.

पडायला तिला शिकवलं होतं तिच्या दादाने. दादा पोलिसात. भरती झाल्यावर प्रशिक्षणात ज्यूदो शिकला आणि सुट्टीत घरी आला की पुढच्या खोलीत गाद्या अंथरून धाकट्या बहिणीला उचलून उचलून आपटायचा. "हनुवटी छातीला लाव. श्वास सोड. हाताची थाप आधी, पाठ मग." आई ओरडायची, भिंतीवरचं घड्याळ हलायचं, आणि ही उठून म्हणायची, "परत." दादा पुढे फौजदार होऊन निवृत्त झाला. बहीण सिनेमात गेली हे त्याला कधी रुचलं नाही, पण तोंड दिसत नाही म्हटल्यावर त्याने त्याकडे काणाडोळा केला.

तोंड दिसलं तिथेच बिनसलं.

झालं असं. एका शूटिंगला ती खोक्यांच्या ढिगावर पडली, उठली, आणि कॅमेरा चालू आहे हे न कळून टोप सारखा करत तिने त्या खोक्यांकडे अशा काही रागाने बघितलं, जणू त्यांनीच आगळीक केली होती. सगळं युनिट हसून लोटपोट झालं. तिथे सहायक असलेल्या एका पोराने ते डोक्यात ठेवलं. पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला आणि पहिलाच सिनेमा घेऊन तिच्या दारात आला. सिनेमाचं नाव 'हवालदारीण हाजिर'. मारामारी, धांदल आणि पोलीस चौकी. हवालदारीण म्हणजे ही.

सिनेमात हवालदारीण चोराला काठी मारायला जाते, काठी लागते पंख्याला, आणि पंखा पडतो टोळीच्या म्होरक्यावर. उडी मारून लाथ घालते तर बूट सुटून थेट साहेबांच्या चहात. तिचा एकही फटका नीट बसत नाही, तरी समोरचे गारद होत जातात. आणि शेवटी ती जिन्यावरची मारामारी. म्होरक्याला सोडवायला सगळी टोळी चौकीत घुसते. साहेब टेबलाखाली. हवालदारीण वरच्या मजल्यावर कोठडीच्या दारात एकटी. गुंड तिला जिन्यावरून ढकलतात, ती बादली, फडकं, खुर्ची, कपाट सगळं बरोबर घेऊन गडगडत जाते, खाली उठते, टोपी सारखी करते, पुन्हा वर येऊन दारात उभी. परत ढकलतात, परत येते. शेवटी गुंडच जिन्यात बसून धापा टाकतात. हे सगळं पडेलने गादीशिवाय, दोराशिवाय केलं होतं. त्यात तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तो मोडण्याचा शॉटच सिनेमात राहिला, कारण त्यात ती सगळ्यात छान उठली होती.

सिनेमा लागला. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या पेपरात आलं, "बाई पडतात, उठतात, पुन्हा पडतात, प्रेक्षक मात्र एकदाच उठतात आणि घरी जातात." पडेलने ते वाचलं आणि मास्तरांना म्हणाली, "लिहिलंय चांगलं. पण हा मध्यंतराला गेलेला दिसतोय, जिन्याबद्दल एक अक्षर नाही." मोठ्या थिएटरांत खुर्च्या रिकाम्या होत्या हे मात्र खरं होतं. जे आले त्यांतले काही मोबाइल बघत बसले. एका बाईंनी बाहेर पडताना तिला ओळखलं आणि विचारलं, "तुम्हाला या वयात हे शोभतं का?" पडेल म्हणाली, "शोभतं की नाही ठाऊक नाही, पण जमतं."

मग निवृत्त पोलिसांच्या संघटनेची तक्रार आली. सिनेमात वर्दीची टिंगल केली आहे, जिन्याचा प्रसंग काढावा आणि संबंधित बाईने जाहीर माफी मागावी. खाली चिटणीसांची सही. चिटणीस म्हणजे दादा.

निर्मात्याने तिला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. टेबलावर चहा ठेवून म्हणाला, "ताई, दोन ओळी बोलायच्या. कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता, भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व. संपलं. बाकी कापाकापी मी बघतो."

"काय कापणार?"

"जिना."

पडेलने कोपऱ्यातल्या दिग्दर्शकाकडे बघितलं. तो बोटांची नखं न्याहाळत होता. तिला त्याची कीव आली आणि रागही आला.

"त्या हवालदारणीने काय चूक केली?" तिने विचारलं. "दार सोडलं का? साहेब टेबलाखाली गेला, ती गेली का?"

"तसं नाही हो, पण लोक हसतात ना."

"हसायलाच बोलावलंय त्यांना. मी माफी मागणार नाही. आणि तुम्ही कापलंत तर मला विचारून कापलं असं कुठे सांगू नका, मी सांगेन विचारलं नव्हतं म्हणून."

"दादांशी तरी बोला. घरचंच माणूस आहे."

"घरचं असतं तर आधी घरी बोललं असतं," म्हणत ती उठली. चहाला तिने हात लावला नाही.

सिनेमा आता एकाच ठिकाणी बरा चालला होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनं थिएटर होतं, त्याच्या मालकीणबाई स्वतःच तिकीट खिडकीत बसायच्या. तिथे दुपारच्या खेळाला दुकानातल्या कामगार बायका, शिवणकाम करणाऱ्या, दवाखान्यातल्या आया पोरंबाळं घेऊन यायच्या. त्या हवालदारणीबरोबर दर वेळी "उठ, उठ" म्हणायच्या. एक आजी म्हणे रोज येत होत्या आणि पहिल्या अर्ध्यात झोपून जिन्याला बरोबर जाग्या होत होत्या. संघटनेने ठरवलं, तिथेच जाऊन निषेध करायचा.

मालकीणबाईंनी पडेलला फोन केला. "उद्या येणार आहेत दंडाला काळ्या फिती लावून. मी शटर ओढू का?"

"ओढू नका. मी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारातच उभी राहिली. संघटनेचे लोक आले. सगळे साठीच्या पुढचे, कडक इस्त्रीचे, काहींच्या हातात फलक. मागून दादा. त्याने तिला बघितलं आणि मान वळवली.

पडेल पायरीवर चढली. तिला भाषण येत नव्हतं. "तुमच्यापैकी किती जणांनी सिनेमा पाहिलाय?" तिने विचारलं.

हातातले फलक जरा खाली आले. एका पोट सुटलेल्या जमादारांनी घसा खाकरला. "आम्हाला चिटणीसांनी सांगितलं."

"चिटणीसांनी पाहिलाय?"

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "पोस्टर पाहिलं. पुरेसं आहे."

"पोस्टर बघून तू कधी कोणाला आत टाकलं होतंस का, दादा?" ती म्हणाली. "तिकिटं काढा, आत बसा. नाही पटला तर बाहेर येऊन मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. मी इथेच आहे, जिन्यावरून उतरून पळणार नाही."

कोणीतरी हसू दाबलं. ऊनही फार होतं आणि आत पंखे होते, हेही असेल. जमादार पहिले खिडकीकडे वळले. मग बाकीचे. दादा सगळ्यात शेवटी आत गेला, फीत न काढता.

पडेल मागच्या रांगेत उभी राहून बघत होती. पहिला अर्धा वेळ ती माणसं पुतळ्यासारखी बसली. बायका हसल्या की ही मंडळी आणखी ताठ व्हायची. मग बूट चहात पडला आणि जमादारांच्या तोंडून फुर्र असा आवाज निघाला. त्यांनी तो खोकल्यात लपवला, पण पुढचा लपला नाही. पोट धरून ते म्हणाले, "आमच्या चौकीत खरंच असं झालं होतं, पण बूट माझा होता," आणि शेजारच्या दोघांचाही बांध फुटला. सगळे हसले असं नाही. दोघे जण मध्येच उठून गेले आणि जाताना एकाने तिला ऐकू जाईल असं 'निर्लज्ज' म्हटलं.

जिन्याचा प्रसंग सुरू झाला तेव्हा बायकांनी "उठ, उठ" म्हणायला सुरुवात केली. ती पडद्यावर तिसऱ्यांदा पडली तेव्हा दादा मात्र उठून बाहेर आला. पडेल त्याच्या मागून गेली.

तो पोस्टरखालच्या बाकावर बसला होता. आतून हशा येत होता.

"तू तिसऱ्यांदा पडलीस ते चुकलं," तो म्हणाला. "हात उशिरा टाकलास."

"तिथेच हाड मोडलं."

"दिसलं मला." त्याने दंडावरची फीत सारखी केली. "बघवेना म्हणून उठलो. बाकी तक्रार तशीच आहे. आयुष्यभर आम्ही वर्दी जपली, आणि आता पोरंसोरं आम्हाला हसणार."

"आधी घाबरायची. ते बरं वाटायचं का तुला?"

दादाने सरळ तिच्याकडे बघितलं. "हो. वाटायचं."

या उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मग तुझं तू बघ. मी माफी मागणार नाही."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "लहानपणी पण मागायची नाहीस. आईचा मार खायचीस."

संघटनेने तक्रार मागे घेतली नाही. जमादारांनी मात्र संघटनेचा राजीनामा दिला आणि पुढच्या आठवड्यात नातवंडांची फौज घेऊन आले. निर्मात्याने जिना कापला आणि मोठ्या थिएटरांना नवी प्रत पाठवली. पडेलने रेडिओवर जाऊन, आपल्याला न विचारता कापलं, हे ठणकावून सांगितलं, तेव्हा त्याने तिचा फोन घेणं बंद केलं. मालकीणबाईंनी नवी प्रत आली तशी परत केली. "आमचं मशीन जुनं आहे, ते फक्त जिन्यावरून चालतं," असं म्हणे त्यांनी वितरकाला कळवलं. त्या गल्लीतून सिनेमा हलेना. बाहेरगावची छोटी थिएटरं मग तीच न कापलेली प्रत मागू लागली.

वहिनींचा फोन आला. "वन्सं, मी काल जाऊन आले. ह्यांना सांगितलं बाजारात जाते म्हणून."

"मग?"

"मग काय, पिशवी रिकामी घेऊन घरी आले. ह्यांनी विचारलं भाजी कुठाय, आणि मला एकदम बुटाची आठवण झाली. हसू आवरेना. ह्यांना कळलं सगळं." वहिनी पुन्हा हसायला लागल्या. "बोलले नाहीत काही. पण सांगते, उद्या पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी सांगून जाणार आहे."

त्या सिनेमानंतर पडेलला तोंड दाखवायचं काम परत मिळालं नाही. एक भूमिका आली होती, नायकाच्या आजारी आईची. पलंगावर पडून रडायचं होतं. तिने विचारलं, "ती उठते का कधी?" नाही म्हटल्यावर तिने नकार दिला.

ती पुन्हा पडायच्या कामाला लागली. नव्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी मास्तर तिच्याजवळ आले, जरा अवघडून. "वरून सांगितलंय, रेडिओबिडिओवर जायचं नाही, कोणाला काही बोलायचं नाही, असं तुझ्याकडून कबूल करून घ्या."

पडेल मनगटाला पट्टी गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही. "मग दुसरी कोणी बघा, मास्तर. आणि श्रेयनामावलीत माझं नाव हवंय, तेही त्यांना सांगा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग वरच्या गच्चीकडे, मग खाली गाद्या ओढणाऱ्या माणसांकडे. "सांगतो," ते म्हणाले, आणि आधी स्वतःच जाऊन एक गादी भिंतीच्या अंगाला हातभर सरकवून आले.