सुई न हललेली चार मिनिटं

कोल्हापुरात कुणालाही गाणं ऐकवा, तो आधी विचारणार, "कुणाचं हाय?" गायक कोण, सिनेमा कुठला, हे कळल्याशिवाय आमच्याकडे मान डोलत नाही. आणि मला नव्वदच्या दशकात नाद लागला तो नेमका ज्यात गायकच नाही अशा संगीताचा.

दोष माझ्या मावसभावाचा. तो गोव्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलात वेटर होता. परदेशी पाहुणे खोली सोडून गेले की मागे राहिलेल्या टोप्या, चपला, तेलाच्या बाटल्या हा गणपतीला घरी येताना पिशवीत घालून आणायचा. एका वर्षी त्या पिशवीत एक कॅसेट निघाली. वर नाव नाही, काही नाही, निळ्या शाईनं काढलेला एक मासा तेवढा. मी ती लावली. पहिली दोन मिनिटं नुसता पाण्यासारखा आवाज. मग खालून एक ठोका आला, सावकाश, जेवून शतपावली घालणाऱ्या माणसासारखा. गाणं आता सुरू होईल, मग सुरू होईल म्हणून मी वाट बघत बसलो आणि बाजू संपली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की अरे, हेच गाणं होतं! मी कॅसेट उलटली नाही. तीच बाजू परत लावली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "टेप बिघडला काय रे?"

असं काही सापडलं की माणसानं गपगुमान ऐकत बसावं. पण मला स्वतःला आवडलेलं दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय चैन पडत नाही, आजही पडत नाही, आणि त्यापायी मी भरपूर शिव्या खाल्ल्यात. कॉलेजातल्या मित्रांना घरी बोलावलं, चहा पाजला, खटखट करतो म्हणून पंखा बंद केला आणि मासा लावला. एकजण झोपला. दुसरा म्हणाला, "भावा, ऑपरेशनच्या खोलीत बसल्यागत वाटायलंय." तिसरा चहा पिऊन गेला तो गेलाच. फक्त एकजण शेवटपर्यंत बसला. हा हुपरीचा. घरात चांदीच्या पैंजणांचं काम, रोज एस.टी.नं कॉलेजला यायचा, आणि बोलायला महाकंजूष. बाजू संपल्यावर म्हणाला, "ठोका मशीनचा हाय. माणूस कुठंतरी चुकतोय की." बस्स, आमची दोस्ती जमली.

त्या वेळी शाहूपुरीतल्या एका गल्लीत कॅसेटी भरून देणारं दुकान होतं. मालकांना सगळे मामा म्हणायचे. गाण्यांची यादी द्यायची, आठवड्यानं मामा कॅसेट द्यायचे, आत त्यांच्या वळणदार अक्षरातली यादी. मामांचा एक नेम होता. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं. यादी संपून टेप उरली, तर तिथे ते पदरचं काहीतरी भरायचे. बहुतेक वेळा कुस्तीच्या मैदानात स्वतः रेकॉर्ड केलेली हलगी. रिकामी टेप गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे मापात मारणं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या भागात लताबाई असोत की कीर्तन, बाजूच्या शेवटी कुस्ती लागायचीच.

माशाच्या कॉपी काढायला मी गेलो तेव्हा त्यांनी पेन उघडून विचारलं, "गायक कोण लिवू?"

"गायक न्हाय मामा."

"का? आजारी हाय?"

शेवटी त्यांनी 'वाद्यसंगीत (सावकाश)' असं लिहिलं. मी पाच कॉपी काढल्या, पाच जणांना वाटल्या, पाचही जणांनी त्यावर नंतर दुसरं काहीतरी भरलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

हुपरीकर मात्र पुढे गेला. मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा जुना कीबोर्ड त्यानं मिळवला. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, रिकाम्या पिंपात माइक सोडून घरी काय काय वाजवत बसायचा. त्याचे वडील, आण्णा, ऐरणीवर चांदीची तार ठोकताना ओरडायचे, "बॅटरी उतारलीया का तुज्या गाण्याची?" पाऊण वर्ष खपून त्यानं एक बाजू भरली. खरं सांगतो, मला ती माशापेक्षा चांगली वाटली. शेवटी सगळं थांबायचं, आता संपलं असं वाटायचं, आणि मग अगदी बारीक, लांबून, टक् टक् टक् यायचं. चार मिनिटं. ती आण्णांची हातोडी होती. समोर टेप ठेवला तर आण्णा हाकलून देतील, म्हणून त्यानं शेजारच्या खोलीतून चोरून रेकॉर्ड केली होती. त्यानंतर दोनच महिन्यांत आण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर झाले, औषधं झाली, आण्णांनी ऐरण सोडली. म्हणजे आण्णांचा चालता हात आता जगात त्या एका कॅसेटवर होता.

ती माझ्या हातात देताना तो म्हणाला, "ऐक आन् परत दे. कॉपी काढू नको अजून."

मी म्हटलं, "व्हय." आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या दुकानात हजर! काय म्हणावं मला? कॅसेटच्या पाठीवरची ती छोटी पट्टी मोडली असती तरी तिच्यावर कुणाला काही भरता आलं नसतं. तेवढीही अक्कल मला सुचली नाही.

आठवड्यानं मामा हसतमुखानं म्हणाले, "तुज्या दोस्तानं चार मिनिटं कोरीच सोडलीत की. आवाज दावणारी सुई हालंना. कॉपीत हलगी भरली. मग म्हटलं, मूळ कॅसेटनं काय घोडं मारलंय? तिच्यात बी भरली. त्याचं पैसं देऊ नको."

मी भर दुकानात मामांवर ओरडलो. मामाही ओरडले. रिकाम्या टेपला रिकामी म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? मी चार मिनिटांत काय होतं ते सांगितलं. मामांनी चष्मा काढला, काचा पुसल्या आणि परत घालायचं विसरून तसेच बसले.

हुपरीला जाऊन मी कॅसेट दिली, सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. आमच्याकडे शिवी दिली म्हणजे माणूस अजून आपला आहे. त्यानं शिवी दिली नाही. हलगी शेवटपर्यंत ऐकली, कॅसेट डब्यात घातली आणि म्हणाला, "बसा. चहा घेऊन जावा."

बसा! मला! पुढे आठ दिवस कॉलेजात तो मला अहो-जाहो करत होता. बाकीच्यांना त्याची फार मजा वाटली. मी मधल्या सुट्टीत एकटाच बाहेर जाऊन बसायला लागलो.

रविवारी सकाळी परत माफी मागायला म्हणून मी स्टँडवर आलो, तर हुपरीच्या एस.टी.त मामा आधीच बसलेले. रविवार म्हणजे दुकानाचा खरा धंद्याचा दिवस, तो बंद ठेवून, मांडीवर टेपरेकॉर्डर धरून. हुपरीत उतरल्यावर त्यांनी घर दाखवायला मला पुढे घातलं. आण्णांच्या दारात जाऊन थेट म्हणाले, "पावणं, तुमची चार मिनिटं मी पुसली."

"माजी?" आण्णा माझ्याकडे, मग पोराकडे बघायला लागले. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरानं मान खाली घालून सगळं सांगितलं. आण्णांनी कोपऱ्यातल्या ऐरणीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे त्या बॅटरी उतारल्याल्या गाण्यात मी बी हुतो म्हण की!" आणि स्वतःच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मामांनी माइक मांडला. आण्णा नको नको म्हणत ऐरणीपुढे बसले. दोस्तानं समोर बसून चिमट्यात तार धरली. पहिले दोन ठोके बरे पडले, तिसरा तारेवरून घसरला, चौथ्याला वेळ लागला. आण्णांनी हातोडी खाली ठेवली.

"न्हाय रं. ऱ्हायला न्हाय हात. पयला हुता त्यो पुसला ते लई वंगाळ झालं."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"आण्णा," दोस्त म्हणाला, "त्यो मी चोरून घेतलता. ह्यो तुमी मला देताय."

आण्णांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि ठोका घातला. मग दुसरा. कधी लवकर, कधी उशिरा. दोस्त तार पुढे सरकवत राहिला. मामा सुईकडे बघतच नव्हते, त्यांचं लक्ष त्या दोघांकडे होतं. काही वेळानं टेप संपली, बटण खटकन वर आलं. आम्ही तिघांनीही ते ऐकलं; आण्णा ठोकतच होते. आण्णांना कुणी सांगितलं नाही.