सतीशची ओसरी आणि माझं पातेलं

सतीश गेल्याची बातमी मला बायकोकडून कळली, आणि तिला ती फोनमधल्या ओसरीवर कळली. मी ऑफिसातून येऊन दारात बूट काढत होतो. सुजाता हातात फोन धरून समोर उभी होती. "सतीशभावजी गेले," ती म्हणाली. दुपारी बँकेच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता त्याचं हृदय थांबलं होतं. बहरीनमधल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांना हे तासाभरापूर्वीच माहीत झालं होतं. पुण्याला हॉस्टेलवर राहणाऱ्या आमच्या ईशालाही माहीत होतं. इथं त्याला सगळ्यांत जुनं ओळखणारा माणूस मी, आणि मला शेवटी कळलं. दुःख नंतर आलं, आणि पुष्कळ आलं. पण आधी जे आलं तेही लिहायला हवं. मला राग आला, की याच्या मरणाच्या बातमीतसुद्धा मी रांगेत शेवटचाच...

आम्ही दोघं बहरीनला आलो ते लग्नाआधी. मनामाच्या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानावर आमची खोली होती. मी एका बांधकाम कंपनीत हिशेब बघायचो, तो बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. खोलीत दोन खाटा, एक शेगडी आणि एक अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. ते पातेलं मी घेतलं होतं, खालच्याच गल्लीतून, हे मुद्दाम नोंदवतो. त्यात चहा करायचा तो सतीशने. खालचा शिंपी, समोरचा केरळी सोनार, आमच्याकडचे नवे आलेले ड्रायव्हर, सगळे संध्याकाळी आमच्या खाटांवर बसलेले असायचे. दूध मी आणायचो, कप मी विसळायचो, आणि लोक म्हणायचे, "चला, सतीशकडे जाऊ." खोली दोघांच्या नावावर होती. पुढे त्याचं लग्न झालं, त्याने अदलिया भागात घर घेतलं आणि सामानाबरोबर पातेलंही नेलं. मी विचारलं तर म्हणाला, "तुला चहा कुठे करता येतो? पातेलं ठेवून त्यात काय पास्ता करणार? ये की प्यायला."

मी हिशेबाचा माणूस. इथल्या आमच्या मराठी मंडळाचं काम आलं तेव्हा गणपतीची वर्गणी, हॉलचं बुकिंग आणि मंडळाचं इंटरनेटवरचं पान, हे सगळं माझ्याकडे आलं. ते पान एका मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर होतं. वर्षानुवर्षांचे फोटो त्यावर मी तारखेनिशी लावलेले होते. लोक कुठलीही माहिती हवी असली की मला विचारत, आणि मला ते आवडे. एका सकाळी ते पान बंद दिसलं. नियमभंग म्हणे. कोणता नियम, ते कोणी सांगेना. मी तक्रार केली, उत्तर यंत्राने दिलं. पुन्हा केली, पुन्हा यंत्रानेच दिलं. सगळे फोटो गेले.

त्या आठवड्यात सतीश वहिनींना घेऊन आमच्या घरी आला. "दुसऱ्याच्या ओटीवर संसार मांडला की असंच होणार," तो म्हणाला. "आपली ओसरी आपल्या घरी हवी." मग त्याने समजावलं. एक लहानसा कॉम्प्युटर घरात ठेवायचा, चोवीस तास चालू. त्यावर घालायचं सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं नाही, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं आहे. आपली माणसं त्यावर लिहितील, फोटो लावतील, एकमेकांना उत्तरं देतील. जाहिरात नाही, कुणी माहिती विकत नाही. आणि अशा दुसऱ्यांच्या ओसऱ्या पुण्यात, जर्मनीत, कुठं कुठं आहेत. एका पोस्टात टाकलेलं पत्र दुसऱ्या पोस्टात पोचतं, तसं इथलं तिथं वाचता येतं.

मी सवयीने जोखमी काढल्या. "वीज गेली तर?"

"बॅटरी."

"मशीन जळलं तर?"

"प्रत काढून ठेवायची."

"प्रतही त्याच घरात ठेवलीस तर उपयोग काय? आणि उद्या तू मेलास तर?"

वहिनींनी आतून "अहो, काय बोलताय" म्हटलं. सतीश हसला. "मेलो तर तू आहेस की. नाहीतरी आत्तापासूनच तपासायला बसलायस."

ओसरी सुरू झाली, अदलियातल्या त्याच्या घरी कोठीच्या खोलीत, पिठाच्या डब्यांशेजारी. इथल्या उन्हाळ्यात मशीन तापू नये म्हणून त्या खोलीचा एसी तो कायम चालू ठेवायचा. नियम दोनच होते. आतल्या कुणीतरी तुमची ओळख द्यायची, आणि तुम्ही सतीशच्या घरी येऊन एक कप चहा प्यायचा. चहाशिवाय खातं नाही. ज्याच्या हातचा चहा आपण प्यायलो त्याच्या ओसरीवर माणूस घाण करत नाही, असं त्याचं म्हणणं. तो चहा व्हायचा माझ्या पातेल्यात. सखीरच्या विद्यापीठात शिकवणारे जोशी सर असोत की रिफामधला चिपळूणचा सुतार, सगळे अदलियाला जाऊन माझ्या पातेल्यातला चहा पिऊन आले, आणि कुणाला माहीत नव्हतं ते पातेलं कुणाचं.

मला तो म्हणाला, "ये, तुझंही खातं उघडू." मी म्हटलं, "तुझा चहा मी खोलीत वर्षानुवर्षं प्यायलोय. तो धर." तो म्हणाला, "तो वेगळा. नियम सगळ्यांना सारखा. तूच असं सांगत असतोस ना?" मी गेलो नाही. त्याच्या घरी जायचो, सणावारी जेवायचो, पण चहाची वेळ आली की मला काम निघायचं. बंद पडलेल्या पानाऐवजी मी त्याच मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर नवा ग्रुप काढला होता. तो हळूहळू ओस पडत गेला. गणपतीच्या सूचना तेवढ्या उरल्या, बोलणं सगळं ओसरीवर. शुक्रवारी सकाळी सतीश मशीन बंद करून धूळ काढायचा. त्याआधी पाटी लावायचा, "ओसरी सारवतोय. अर्धा तास अंगणात थांबा, भांडू नका." सुजाता ते वाचून हसायची. माझ्या सूचना वाचून आमच्या घरात कुणी हसलेलं मला आठवत नाही.

सगळ्यांत जास्त खुपलं ते ईशाचं. ती इथं इंग्रजी शाळेत शिकली. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, एका शब्दात. पुण्याला गेल्यावर तिचा रोज एक "ऑल गुड" यायचा. आणि एकदा जेवताना सतीश सहज म्हणाला, "ईशा आता रुळली बरं का. पहिला महिना फार रडली पोरगी." ती ओसरीवर लिहीत होती, मोडक्या मराठीत. हॉस्टेलच्या जेवणाबद्दल, लोक तिला "तू इथली नाहीस का" विचारतात त्याबद्दल. आणि सतीशकाका तिला उत्तरं देत होता. माझ्या मुलीचं रडणं मला ताटावर तिसऱ्याकडून कळलं. त्या रात्री मी सुजाताशी बोललो नाही. तीही ते वाचत होतीच.

यातली सगळ्यांत विचित्र गोष्ट पुढे आहे. प्रत दुसऱ्या घरात ठेवावी, ही माझीच सूचना होती. सतीशने ती ताबडतोब मानली आणि म्हणाला, "मग तुझ्याकडेच ठेवतो. तुझ्याइतकं जपून कोण ठेवणार?" महिन्याला एकदा तो यायचा, नवी डिस्क द्यायचा, जुनी न्यायचा. ती मी कपाटात पासपोर्टांशेजारी ठेवायचो. तिला पासवर्ड होता, तो मला ठाऊक नव्हता. म्हणजे माझी बायको, माझी मुलगी, सगळे ओळखीचे, त्यांनी एकमेकांना सांगितलेलं सगळं माझ्याच कपाटात होतं आणि मला वाचता येत नव्हतं. कपाट उघडलं की ती डिस्क दिसायची, आणि मी ती पासपोर्टांखाली सरकवायचो.

तो गेल्यावर वहिनी त्याला घेऊन रत्नागिरीला गेल्या. मागे घर बघणाऱ्या शेजाऱ्यांनी भल्या मनाने सगळे एसी बंद केले. कोठीच्या खोलीत मशीन तापून मेलं, ओसरी बंद झाली. माझ्या ग्रुपवर पुन्हा गर्दी झाली. मला बरं वाटलं, हे खरं आहे. मग लक्षात आलं, लोक तिथं एकच गोष्ट लिहीत होते. ओसरी कधी सुरू होणार? ईशाचा फोन आला, स्वतःहून. ती मराठीत म्हणाली, "बाबा, तिथं काकाचं सगळं लिहिलेलं आहे. ते गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे."

वहिनी परतल्या त्या घर आवरायला. त्यांचा व्हिसा सतीशच्या नोकरीवर होता, राहणं शक्य नव्हतं. मी डिस्क आणि नवं मशीन घेऊन गेलो. पुण्यात अशीच ओसरी चालवणारा सतीशचा एक मित्र फोनवरून एकेक पायरी सांगत होता, मी करत होतो. पासवर्ड वहिनींना पाठ होता. दुपारपर्यंत सगळं उभं राहिलं. आता किल्ल्या माझ्याकडे होत्या. ईशाची सगळी पत्रं एका बोटाच्या अंतरावर होती. मी हात मागे घेतला. ज्याचं खातंच नाही त्याने दुसऱ्याचं काय म्हणून उघडायचं?

"हे मलाच का सोपवलं त्याने?" मी वहिनींना विचारलं. "त्याची इतकी माणसं होती."

वहिनी खोकी बांधत होत्या. "मीही विचारलं होतं. म्हणाले, बाकीचे माझं कौतुक करतात. तो इतकी वर्षं माझ्या चुका शोधतोय, त्याला सगळं ठाऊक असणार." मग त्यांनी दोरीला गाठ मारली. "तुमचं खातं राहिलंय. ईशाने तुमची ओळख कधीच देऊन ठेवली आहे, ती पुण्याला गेली तेव्हाच. फक्त चहा व्हायचा होता. हे म्हणायचे, येईल, येईल..."

वहिनींनी बांधलेलं एक खोकं पुन्हा सोडलं आणि पातेलं काढलं. बुडाशी पोचा आलेलं, काळं पडलेलं. आम्ही खोक्यांवर बसून चहा प्यायलो. निघताना त्यांनी ते पातेलं धुऊन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "हे तुमचंच ना? हे प्रत्येकाला सांगायचे, पातेलं माझ्या दोस्ताचं आहे."

हे मला माहीत नव्हतं. सतीशने तेवढंही माझ्यासाठी ठेवलं नाही, की माझी तक्रार तरी खरी असावी.

आता मशीन आमच्या घरी आहे, चपलांच्या कपाटाशेजारी. त्याचा पंखा बारीक घरघरतो, सुजाता म्हणते सतीशभावजी घोरतात. शुक्रवारी मी धूळ काढतो आणि लिहितो, "देखभालीसाठी अर्धा तास बंद." खाली कुणी ना कुणी लिहितंच, "सारवतोय म्हणा की काका." मी म्हणत नाही. ते त्याचं आहे.

गेल्या आठवड्यात सांगलीकडची एक नर्स आली, नवीनच नोकरीला लागलेली. सुजाताने तिची ओळख दिली होती. मी स्वयंपाकघरात कुणाला येऊ दिलं नाही. पातेलं ठेवलं, आलं किसलं, दूध उतू जाऊ न देता चहा केला. तिने दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि सभ्यपणे विचारलं, "काका, ते गेले त्यांच्याकडे असाच व्हायचा का चहा?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचा चांगला व्हायचा."