शेजारणीच्या चुलीतली अंडी

दिवाळीनंतर शेजारीण नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली आणि जाताना तिच्या चार कोंबड्या माझ्याकडे सोडून गेली. "अंडी तुमीच खा अक्का, पर त्यांना सांभाळा," म्हणाली.

मी फळांच्या दोन खोक्यांत गवत अंथरलं, ती गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. जागा कळावी म्हणून आत अंड्यासारखे पांढरे गोटेही ठेवले. कोंबड्या खोक्यांच्या काठावर बसून घाण करायच्या आणि अंडं घालायला कुंपणावरून उडून शेजारणीच्या बंद घरी जायच्या. तिच्या अंगणातल्या मातीच्या चुलीच्या राखेत अंडं घालायच्या. मी पोचेपर्यंत कुत्रं ते खाऊन टाकायचं.

दोन दिवस त्यांना दुपारपर्यंत गोठ्यात कोंडलं, तर एकीनंही अंडं दिलं नाही. शेवटी खोकंच उचलून चुलीशेजारी नेलं. तांबडी कोंबडी त्याला वळसा घालून चुलीतच जाऊन बसली.

मी तिथूनच शेजारणीला फोन लावला. "लई हट्टी हायत गं. तुझ्या चुलीबिगर कुठंच घालीत न्हाईत. काय करू?"

ती हसली. मग तिनं हळूच विचारलं, "चूल पडली न्हाई ना अजून?"

"न्हाई, हाय तशीच."

पलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

तांबडीला उठवायचा धीर मला झाला नाही. हातात काठी घेऊन, कुत्र्याला हाकलत, अंडं होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.