काँटेसाच्या नटावरची गाठ

ती गाठ माझी नव्हती.

कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या नटाला मी आदल्या रविवारी लाल सुताचा तुकडा बांधला होता. या रविवारी बॉनेट उघडलं तर तुकडा होता, लालच होता, त्याच जागी होता. पण गाठ दुसऱ्या कुणाची तरी होती. नटाला पाना लावून पाहिला. नट सैल होता.

दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. मला कळलं, कारण तीस वर्षं मी सुरतेत मागांवर जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. आमच्यात एक पद्धत आहे. जो नट आवळून, सेट करून झाला, त्याला सुताचा तुकडा बांधायचा. मग पुढच्या पाळीचा जॉबर त्याला हात लावत नाही. गाठ मारायची ती विणकराची, बारीक आणि चपटी, कारण पॉलिस्टरचं सूत निसरडं असतं आणि साधी गाठ त्यावर टिकत नाही. इथं कुणीतरी गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक, असा मुंगळ्याएवढा गोळा करून ठेवला होता. मागावर एक दिवसही काम न केलेल्या माणसाचं ते काम होतं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. बायको म्हणते, देवळात हात जोडतानाही माझं लक्ष बाहेरच्या चपलांवर असतं. पण हा स्वभाव मला खात्यानं, म्हणजे मागांच्या कारखान्यानं लावला. छत्तीस माग एकदम खडखडत असताना त्यातल्या एकाचा सूर बिघडला तर तो ऐकू यायला हवा. तो ऐकू यायचा असेल तर कुठल्याच मागावर भरवसा ठेवून चालत नाही.

गाडी माझ्या मोठ्या भावाची. म्हणजे मुळात ती त्याच्या शेठची. दादा चौतीस वर्षं शेठकडे ड्रायव्हर होता आणि ही काँटेसा चालवायचा. लांबलचक बॉनेट, पुढे दोन-दोन गोल दिवे, आणि आवाज असा की चहाच्या लारीवरची माणसं मान वळवून बघायची. नंतर शेठनं नव्या गाड्या घेतल्या आणि काँटेसा खात्याच्या मागच्या भिंतीला लागून राहिली ती राहिलीच. वर सुताचा भुगा, त्यावर पाऊस, त्यावर पुन्हा भुगा. दादा कामातून निवृत्त झाला तेव्हा शेठ म्हणाला, तुला हवी असेल तर घेऊन जा. दादानं ती दोरीनं ओढत भेस्तानला आणली आणि घरासमोरच्या पत्र्याखाली उभी केली. पायाखालचा पत्रा इतका गंजला होता की आत बसून खालची जमीन दिसायची.

तेव्हा वहिनी जाऊन सात महिने झाले होते. मुलगी नंदुरबारला दिलेली. दादानं मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "रविवारना येशी का? गाडी उनी शे."

गाडी आली म्हणून मी गेलो. मग दर रविवारी जात राहिलो. माझ्या घरून, डिंडोलीहून, भेस्तान मोटरसायकलवर अर्धा तासही नाही. बायको कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची, पान्यांची पिशवी मी हँडलला अडकवायचो. आम्ही पॉलिश पेपरनं गंज घासला. घासून घासून बोटांची सालटी निघाली. खालचा पत्रा कापून नवा जोडून घेतला, दारं उतरवून पुन्हा बसवली, प्रायमर मारला. दादा स्टुलावर बसून सांगायचा, मी करायचो. दुपारी भाकरी खायची, चहा घ्यायचा, पुन्हा कामाला लागायचं. इंजिन मी मागासारखंच खोललं, तुकडा तुकडा पुसला, पुन्हा जोडला, आणि आवळलेल्या प्रत्येक नटाला लाल सूत बांधलं.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं त्या दिवशी दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, आता रंग मारला की संपलं.

पुढच्या रविवारी ते सुरू होऊन धापा टाकत बंद पडलं. मी कार्बोरेटर पुन्हा आवळला, चाललं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कधी कार्बोरेटर, कधी रेडिएटरच्या पाइपची क्लिप. असे किती रविवार गेले. मी स्वतःवरच संशय घ्यायला लागलो. वाटलं, वय झालं, हाताची पकड गेली. खात्यावर गेलो की आवळलेले नट पुन्हा पुन्हा तपासायचो. हाताखालची माणसं एकमेकांकडे बघून हसायची. तीस वर्षांत मला कुणी असं हसलं नव्हतं.

आणि मग ती गाठ दिसली.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथं. दादानं दुसरा मेकॅनिक लावलाय. आठवड्यातल्या कुठल्या तरी दिवशी तो येतो, माझं काम उकलून बघतो आणि जसं होतं तसं दाखवायला सूत बांधून जातो. भेस्तानात गॅरेजांना तोटा नाही. खरा मोटर मेकॅनिक असताना मागवाल्या भावावर कोण विसंबून राहील?

हे मला किती लागलं ते सांगायला हवं. मला सुरतेला दादानं आणलं. त्याच्याच शेठच्या खात्यावर, त्याच्याच शब्दावर मी लागलो. पहिल्या महिन्यात मी एका मागाचा बीम वाकडा बसवला आणि दिवसभराचं कापड वाया गेलं, तेव्हा दादानं शेठसमोर हात जोडले होते. म्हणाला होता, शिकेल. जगात एका माणसाला माझं काम पक्कं वाटावं असं मला वाटत असेल, तर तो हाच.

त्या रविवारी मी नट आवळला, माझी गाठ मारली, आणि डोळे उघडे ठेवले.

आता मला सगळंच दिसायला लागलं. सकाळी सकाळी मी पोचलो की मोरीजवळ दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. एकटा माणूस, दोन कप कशाला? स्टुलाची जागा बदललेली असायची. दहाचा पाना, जो मी कायम पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवतो आणि एकदा दादाकडेच विसरून गेलो होतो, तो परत मिळाला तेव्हा त्याला ताजं ग्रीस लागलेलं होतं.

मी सहज म्हणून विचारलं, "दादा, आठवडामा कोनी येस का आठे?"

"आठे कोन येस?" तो म्हणाला आणि प्रायमरचा डबा ढवळायला लागला. डबा रिकामा होता.

शेजारी उत्तर प्रदेशातली एक बाई राहते, तिचं शिलाईचं काम चालतं आणि मशीन दारातच असतं. तिच्या नजरेतून कोण सुटणार? मी तिला गाठलं. ती म्हणाली, "कोई नहीं आता, भैया. वही अकेले खटर-पटर करते रहते हैं." मी म्हटलं, ही पण त्यांना सामील. दादानं हिला सांगून ठेवलंय. बाईनं मला खरं तेच सांगितलं होतं, पण खरं ओळखण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

एका बुधवारी सकाळी खात्यावरची वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. माग बंद पडले की कानात पोकळी होते. त्या पोकळीत मला एकच गोष्ट सुचली. मी सरळ भेस्तान गाठलं. मोटरसायकल कोपऱ्यावरच लावली आणि सख्ख्या भावाच्या घराकडे चोरासारखा भिंतीच्या कडेकडेनं चालत गेलो. मेकॅनिकला काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. दादाला काय बोलायचं तेही.

बॉनेट उघडं होतं. खाली पाट ठेवून, त्यावर उभा राहून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन दादा आत वाकला होता. दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या हातात पाना होता आणि ओठांत लाल सुताचा तुकडा. नट त्यानं दोन फेरे सैल केला, हलवून पाहिला. मग तोंडातला तुकडा काढून नटाला बांधायला लागला. गाठ जमेना. सोडली, पुन्हा मारली. मडगार्डवर पाच-सहा तुकडे पडले होते आणि प्रत्येकाला गाठ मारून बघितलेली होती. माझी गाठ शिकत होता तो.

"दादा," मी म्हणालो.

तो दचकला, डोकं बॉनेटला आपटलं. "तू? आज तं बुधवार शे."

"बुधवार शे ते माले बी म्हाईत शे! तू काय करी ऱ्हायना?"

जे मेकॅनिकसाठी ठरवलं होतं ते सगळं दादावर निघालं. "मी रविवार रविवार आठे डोकं फोडी ऱ्हायनू! माले वाटनं, मना हात गया! खातावर लोके माले हसतस! आनि तू स्वतः नट ढिला करस?"

शिलाईचं मशीन थांबलं. दादानं डोकं चोळलं, पाटावरून खाली उतरला, एक पाय आधी, मग दुसरा. पाना मडगार्डवर ठेवला. चोरी पकडली गेल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. साधा हिशेब विचारावा तसं त्यानं विचारलं,

"गाडी व्हई गई म्हंजे तू कसाले येशी?"

मी म्हणालो, "आसं थोडंच शे." ते खोटं होतं आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. वहिनीच्या तेराव्याला मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, येत जाईन. त्यानंतर गाडी येईपर्यंत सात महिने मी या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. पाळी होती, थकवा होता, रविवारी झोप होती. मला लाज वाटली. राग अजून अंगात होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तो आत गेला आणि चहा ठेवला. मोरीजवळचे दोन कप उचलले. तेव्हा विचारलं मी, की हे दोन कप रोज कसे. तर म्हणाला, एक तुझाच आहे, धुऊन तिथंच ठेवतो, रविवारी शोधायला नको.

चहा झाल्यावर मी नट आवळला. मग मडगार्डवरचा एक तुकडा उचलून त्याला विणकराची गाठ दाखवली, हळूहळू, दोनदा. त्याला जमली नाही. बोटं जाड झाली आहेत.

महिन्याभरात रंग झाला. काळा, पहिल्यासारखाच. पहिली फेरी सोसायटीच्या गेटपर्यंत आणि परत. दादानं पांढरा शर्ट घातला होता, ड्रायव्हर असताना घालायचा तसा. मला त्यानं मागच्या सीटवर बसवलं. मी पुढे बसतो म्हटलं तर ऐकेना. शेजारची बाई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मी तिच्याकडे नीट बघू शकलो नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो. हात हलवत गेलो, पिशवी न घेता. दादा दारातच अडला.

"काय व्हयनं?"

"काही नही. उनू आसाच."

त्यानं माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं, कुणी आहे का. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. बसायला दिलं, चहा दिला, पण स्वस्थता नाही. दर थोड्या वेळानं विचारायचा, काही काम होतं का? पैसे पाहिजेत का? मी नाही म्हणायचो आणि त्याचा विश्वास बसायचा नाही. मी मोरीत हात धुवायला गेलो तेव्हा बाहेर तो फोनवर दबक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होता. मी आलो तसा फोन ठेवला. माझी पाल पुन्हा चुकचुकली.

घरी आल्यावर बायकोनं सांगितलं. "दादाना फोन उनथा. माले इचारे, गाडी तं चालू शे, मंग हाऊ कसाले उना? घरमा भांडन झायं का? तब्येत बरी शे ना त्यानी?"

तिच्या तोंडून हे ऐकताना मी जेवत होतो. घास खाली ठेवला.

तीस वर्षांत मी त्याच्याकडे काम नसताना कधी गेलोच नव्हतो, तर त्यानं तरी काय समजायचं? आता दर रविवारी मी पान्यांची पिशवी घेऊन जातो. दारात ठेवतो, तिथंच ठेवतो, उघडत नाही. ती दिसली की तो मला कसाले उना असं विचारत नाही.