फिनेलकाकांनी पाळलेली बुरशी

माझ्या सख्ख्या काकांना सगळा बस डेपो फिनेलकाका म्हणायचा. ते नाव त्यांच्या अंगाला इतकं लागलं होतं, की त्यात कुणाला गंमतसुद्धा वाटेनाशी झाली होती. काका तिथे सफाई मुकादम आणि मी त्याच डेपोत चौकशीच्या खिडकीत. आमची घरंही भिंतीला भिंत लागून. काका अंघोळीच्या पाण्यात बूचभर फिनेल ओतायचे आणि वास आमच्या चहात उतरायचा. काकू म्हणायची, "लग्नात यांनी हात धरला तेव्हाच मला शिंक आली होती. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं."

काकांचा खरा वैरी म्हणजे बुरशी. पावाच्या कडेला हिरवा ठिपका दिसला, की पाव तर जायचाच. पण पावाचा डबा, डब्याखालची फळी आणि फळीपाशी उभी असलेली काकू, सगळ्यांवरून फिनेलचं फडकं फिरायचं.

आणि नशीब बघा. डेपोमागच्या आवारात वर्षानुवर्षं जळकं ऑइल सांडून माती काळी तुकतुकीत झाली होती. शेजारच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास यायला लागला, तेव्हा प्रदूषणवाल्यांनी नोटीस धाडली: मुदतीत माती साफ करा, नाहीतर वर्कशॉप बंद आणि सगळ्यांची बदली. काकूने त्याच दिवशी जाहीर केलं, "तुम्ही जा, तुमचं फिनेल न्या. मी इथेच राहणार. मला एकदा तरी नुसत्या हवेचा वास घ्यायचाय." काकांना वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. मला माहीत होतं, तिने ताटल्यांची वाटणीसुद्धा करून ठेवली होती.

मग प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, माती उकरून दुसरीकडे टाकली तर घाण फक्त घर बदलेल. त्यापेक्षा धिंगरी, म्हणजे खायच्या अळिंबीची, बुरशी लावू. पेंढ्यावर वाढवलेली ही पांढरी बुरशी मातीत मिसळायची. ज्या रसाने ती लाकूड कुजवते, त्याच रसाने ऑइलही मोडून खाते. तिला सावली हवी, ओल हवी, रोजची देखरेख हवी, आणि फिनेल तिच्या आसपास फिरकता कामा नये. डेपो मॅनेजरांनी चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याकडे नेमाने काम करणारा माणूस एकच आहे." मांजराला दुधाची राखण, दुसरं काय!

काकांनी आधी नाक मुरडलं. पण बदली झाली आणि काकू खरंच मागे राहिली तर? तिच्याशिवाय त्यांना स्वतःचा मोजासुद्धा सापडत नसे, आणि तिच्याशिवाय करमणं तर दूरच. त्यांनी फिनेल सोडलं. बुरशीच्या वाफ्यांवर गोणपाट आलं, त्यावर हिरवी जाळी आली, आणि बाहेर पाटी लागली: 'हॉर्न वाजवू नये'. ड्रायव्हर लोक हसले तर काका म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर वाजवाल का?" जाळीत शिरताना चपला काढायचा नियम झाला. मॅनेजरसुद्धा एका पायावर उड्या मारत बूट ओढून काढायचे आणि आत जायचे.

इकडे काकूच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नवऱ्याच्या अंगाला फिनेलचा वास नाही, घरी येताना गुणगुणतो, सुट्टीच्या दिवशीही "जरा जाऊन येतो" म्हणून निघतो. ती मला म्हणाली, "चल गं. आज त्या बयेला बघतेच."

गेलो. जाळीखाली काका फवारा घेऊन उकिडवे बसले होते. गोणपाटाचं टोक दोन बोटांनी उचलून आत बघत विचारत होते, "पाणी हवंय का गं? ऊन लागतंय का?"

मला वाटलं, काकू आता हसून हसून लोळेल. पण ती हसली नाही. "माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोललात?" एवढंच म्हणाली. काकांनी तिला चपला बाहेर काढायला सांगितलं. मला तेव्हा काकांना धरून हलवावंसं वाटलं.

परत निघताना काकूने तिथे आलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडून बुरशीची एक पिशवी मागून घेतली. "बघू तरी, हिच्यात असं काय आहे."

पाहणीचा दिवस ठरला. मातीतलं ऑइल बरंच उतरलं होतं. बाई म्हणाल्या, प्रदूषणवाल्या साहेबांना जिवंत बुरशी दाखवा, मुदत वाढवून मिळेल. आपल्यामुळे बुरशीला कमीपणा नको, म्हणून काका आदल्या दुपारी केस कापायला गेले. तेवढ्यात त्यांच्या सफाईच्या माणसांना साहेब येणार असल्याचं कळलं. साहेब येणार म्हटलं की विचारायचं नाही, ओतायचं, हे काकांनीच त्यांना घोटून घोटून शिकवलं होतं.

"सगळ्यात जास्त बुरशी तिथेच होती, मुकादम," काका परतले तेव्हा त्यांच्यातला थोरला अभिमानाने सांगत होता. "गोणपाटं उचलली, डबेच्या डबे रिकामे केले. आणि चपला बाहेर काढूनच आत गेलो हो!"

आयुष्यात पहिल्यांदा काकांना फिनेलचा ठसका लागला. "काम चोख केलंत," ते डोळे पुसत म्हणाले. मला त्या माणसांचा संताप आला होता, पण बोलणार काय? शिष्य कुणाचे!

दुसऱ्या दिवशी साहेब गाडीतून उतरले, लांब श्वास घेऊन "वा, काय स्वच्छता!" म्हणाले, आणि मग विचारलं, "ती बुरशी कुठे आहे?"

काकांनी दुधाळ चिखलाकडे बोट दाखवलं. "होती."

मी खिडकीतून काकूला फोन लावला. "काकू, तुझी सवत मेली गं."

"कोण म्हणतं?" काकू म्हणाली आणि फोन आपटला.

थोड्या वेळाने ती रिक्षातून उतरली, कमरेवर टब. काकांच्या नजरेस पडू नये म्हणून तिने बुरशीची ती पिशवी मोरीच्या ओट्याखाली या टबात रिकामी केली होती आणि वर काकांची ऑइलने माखलेली जुनी पँट अंथरली होती. ऑइल खाते म्हणतात ना, मग खा. आता पँट पांढरीफटक होती आणि दोन्ही खिशांतून धिंगरीच्या छत्र्यांचे झुबकेच्या झुबके बाहेर आले होते.

"हे काय आहे?" साहेब दोन पावलं मागे सरकले.

"यांची पँट."

"आणि ऑइलचे डाग?"

"खाल्ले. गुडघेही खाल्ले."

बाईंनी एक छत्री उलटून पाहिली आणि म्हणाल्या, एवढ्यावर पुन्हा सगळे वाफे उभे करता येतील. साहेबांनी पँटीचा फोटो काढायला लावला आणि मुदत वाढवून दिली.

काका पुढे आले. त्यांनी आधी टब उचलून सावलीत नेऊन ठेवला, त्यावर ओलं गोणपाट घातलं. काकूचा चेहरा पडला. उन्हातून ओझं वाहून तिला दरदरून घाम फुटला होता, धाप लागली होती. ती जाळीच्या कडेला विटेवर टेकली.

काका परत आले. सगळा डेपो बघत होता, साहेब बघत होते. ते काकूसमोर उकिडवे बसले आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, "पाणी हवंय का गं?"

काकू "हवंय" म्हणाली आणि तिने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.